चेरुवोळीची कळरी कोणाच्या हाती द्यावी याविषयी

मी, पुतियपुरयिल कणारन, वय एकोणऐंशी, धंदा कळरीत शिकवणे आणि मोडलेली हाडे बसवणे, राहणार चेरुवोळी, तालुका वडकरा, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे शोभना वकीलबाईंनी मला खात्रीने सांगितले आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव होता तो न लिहिण्याचा. माझी बायको जानू म्हणाली, "तुम्ही लिहायला बसलात की यमाला वाटेल आपल्याला बोलावणंच आलंय." तिला मी सांगितले की यमाने आधी माझे अक्षर लावून दाखवावे, मग यावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम पहिले. राहते घर आणि, कळरीचा कोपरा वगळून, मागची नारळाची बाग मी गेल्या वर्षीच दानपत्राने माझा मुलगा प्रजोष याच्या नावे केली आहे, म्हणून त्याविषयी येथे काही द्यायचे उरत नाही. इतकेच नमूद करतो की घरातली जानूची खोली जानूचीच राहील, आणि तिच्या स्वयंपाकघरात कोणाला नवे कपाट, नवी शेगडी किंवा नवा विचार आणायचा असेल तर त्याने तिला विचारून आणावा.

कलम दुसरे. सहकारी बँकेतली ठेव जानूची. ती किती आहे हे तिला माहीत आहे, मला नाही.

कलम तिसरे. उरली कळरी. खरे तर हे मृत्युपत्र या एकाच कलमासाठी आहे. वरची दोन वकीलबाईंच्या समाधानासाठी लिहिली. कळरी म्हणजे बागेच्या कोपऱ्यात जमिनीखाली खणलेला तो आखाडा, त्यावरचे झावळ्यांचे छप्पर, नैऋत्येच्या कोपऱ्यातला पायऱ्यापायऱ्यांचा पूत्तरा जिथे रोज दिवा लागतो, भिंतीवरच्या काठ्या, ढाली, तलवारी, तेलाची भांडी, आणि या सगळ्यासोबत तिथे दुसऱ्याच्या मुलांना शिकवण्याचा अधिकार. जमीन कोणालाही देता येते. अधिकार तसा देता येत नाही. ही कळरी आपल्याला मिळणार असे प्रजोषला वाटते, गावालाही वाटते, आणि बरीच वर्षे मलाही वाटत होते. तसे का होणार नाही, हे मी नीट लिहून ठेवणार आहे, म्हणजे माझ्या मागे कोणी आपल्या मनाने कारणे शोधत बसणार नाही.

ही कळरी मला माझे मामा ओणक्कन गुरुक्कळ यांच्याकडून मिळाली. आमच्याकडे गुरुक्कळ तोंडाने बोलतो आणि शिष्याचे अंग चालते. 'डावा पुढे, वाक, वळ, उठ, मार' असा शब्दांचा ओघ असतो. काही वर्षे तो ऐकला की शब्द कानातून थेट पायात उतरतो, वाटेत डोक्याकडे थांबत नाही. यालाच आम्ही तयारी म्हणतो आणि त्याचा आम्हाला अभिमान असतो.

मी ऐन विशीत असताना एका सकाळी मामा आम्हाला आखूड काठीची जोडी करवत होते. माझ्यासमोर अनंतन होता, माझा जोडीदार आणि तेव्हाचा माझा सगळ्यात जवळचा मित्र. मामांच्या तोंडून मधली एक ओळ गळली. माझा हात अजून वर होता, बगल उघडी होती, आणि 'मार' हा शब्द आला. अनंतनने मारले. बगल उघडी आहे हे त्याला दिसत होते, पण शब्द आला होता. माझी डावी बरगडी मोडली आणि पुढे वाकडी जुळली. आजही खोल श्वास घेतला की ती आपण आहोत हे कळवते.

मामांनी माझी बरगडी बांधली आणि मग अनंतनकडे वळून म्हणाले, "चूक माझ्या तोंडाची. पण काठी तुझ्या हातात होती." त्यानंतर त्यांनी त्याला कधीही शिकवू दिले नाही.

बाहेरचा माणूस म्हणेल की दोष सरळ मामांचा. कळरीत वाढलेला म्हणेल की दोष कोणाचाच नाही, शब्द आला म्हणजे मारायचेच. मामांना या दोन्ही गोष्टी मान्य नव्हत्या. अनंतन सगळ्या गावाला विचारत फिरला, "गुरूचं ऐकलं म्हणून गुरूनेच बाहेर काढलं. असला न्याय पाहिलाय का कुठे?" मग त्याने बसथांब्यावर चहाचे दुकान काढले आणि माझ्याशी बोलणे टाकले. मार मी खाल्ला आणि रुसला तो. मी रोज त्याच्याकडे चहा पितो, तो रोज माझ्यासमोर ग्लास आपटतो, आणि साखर मात्र मला लागते तेवढीच घालतो.

मामांनी माझी परीक्षा कशी घेतली ते मी लिहिणार नाही, ती त्यांची गोष्ट. मी गुरुक्कळ झाल्यावर माझी परीक्षा या बरगडीवर रचली. ज्याला शिकवायचे आहे त्याला आमच्याकडे आधी अंग बरे करता यावे लागते; मारायच्या जागा त्यानंतर सांगतात. कर्किटकम महिन्यात, म्हणजे भर पावसाळ्यात, तेलाची मालीश चालते. करणारा वरून सोडलेला दोर धरून उभा राहतो आणि पायाने मालीश करतो. अंगावर भार किती पडू द्यायचा ते त्याचे दोरावरचे हात ठरवतात. एखादा शिष्य शिकवण्याच्या लायकीचा झाला असे मला वाटले की मी त्याच्यासमोर चटईवर पालथा पडतो. मालीश रंगात आली की कळरीच्या आवाजात सांगतो, "डावी बरगडी. टाच. सगळा भार."

माझी बरगडी कशी आहे हे प्रत्येक शिष्याला माहीत असते. तिथून पाय वळवून न्यायचा, हे मीच त्यांना शिकवलेले असते. तरीही जो टाच ठेवतो तो उत्तम शिष्य आहे, आणि त्याने जन्मभर शिष्यच राहावे. जो ठेवत नाही, त्याला शिकवता येईल. परीक्षा एवढीच आहे.

प्रजोषने टाच ठेवली.

बरगडी मोडल्याचा आवाज माझ्याआधी त्याने ऐकला. दोर सोडून तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला उचलून घरात त्यानेच नेले, बांधलेही त्यानेच, आणि चांगले बांधले. पुढे मी बरा होईपर्यंत त्याने मला हाताने कांजी भरवली. जानू मात्र आम्हा दोघांना सोडत नव्हती. "बापाने सांगितलं नि लेकाने केलं! दोघांत मिळून एक डोकं दिलं असतं देवाने तरी भागलं असतं."

"अम्मा, गुरुक्कळ बोलले," तो म्हणाला. "तिथे खाली ते अच्छन नसतात माझे."

बरोबर बोलला तो. बाप आहे म्हणून दया करू नये, असे मीच त्याला शिकवले होते. म्हणून मला बरगडीपेक्षा ते वाक्य जास्त दुखले.

माझा मुलगा काय आहे हेही येथे नोंदले पाहिजे. त्याच्यासारखे अंग मी दुसरे पाहिलेले नाही. तो उडी मारतो तेव्हा मी अजूनही शिकवायचे विसरून बघत राहतो. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये तो खेळ करून दाखवतो आणि पाहुण्यांना शिकवतो. सहा आठवड्यांत माणूस शिक्षक होऊन, गळ्यात प्लास्टिकचे ओळखपत्र घालून आपल्या देशी परत जातो. यावरून आमचे अनेकदा वाजले आहे.

"अच्छन, तुमच्या पद्धतीने गेलं तर माणूस म्हातारा होईपर्यंत शिकतच राहील," तो म्हणतो.

"म्हणजे मी बरोबर शिकवतोय."

"आणि पोटाला काय खाईल?"

पोटाचा प्रश्न खरा आहे. पण गेल्या हिवाळ्यात तिथे एका पाहुण्याने उरुमी मागितली. उरुमी म्हणजे कमरेला गुंडाळता येते ती लवचिक तलवार. ती फिरवताना चुकली तर आधी फिरवणाऱ्यालाच लागते. मालक म्हणाला, दे त्याला, पैसे भरलेत त्याने. प्रजोषने दिली. पाहुण्याचा कान डॉक्टरांनी कसाबसा शिवला. प्रजोष रात्री जेवला नाही. मी त्याला विचारले, "तुला दिसत होतं ना, त्याचं मनगट तयार नाही ते?"

"दिसत होतं."

"मग?"

"मालक म्हणाला."

माझे मृत्युपत्र त्या दिवशीच ठरले. लिहायला एवढा वेळ लागला इतकेच.

आता शिजिनाविषयी. तिचे पूर्ण नाव कुन्नुम्मल शिजिना, वय अडतीस, सरकारी शाळेत गणित शिकवते, आणि परकर-पोलक्यात होती तेव्हापासून या कळरीत येते. प्रजोषसारखी उडी तिला या जन्मात जमणार नाही. तिच्यासमोर मी पालथा पडलो तेव्हा तिने पाठ सुरेख मोकळी केली. मी हुकूम दिला. पाठीवरचा पाय उचलला गेला आणि पुन्हा टेकलाच नाही. मी मोठ्याने हुकूम दिला. मान वळवून पाहिले तर ती दोराला लोंबकळलेली, दोन्ही पाय वर, चेहरा घामाने भरलेला.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तिथे तुमची बरगडी आहे, गुरुक्कळ. मी नाही ठेवणार."

"कळरीत तोंड कोणाचं चालतं?"

"तुमचंच. पण पाय माझा आहे."

मामांनी अनंतनला काय सुनावले होते ते मी तिला कधी सांगितले नव्हते. मी चटईत तोंड खुपसून पडून राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि गुरुक्कळला ते शोभत नाही. मी खूप रागावलो आहे असे तिला वाटले. तिने उजवी बाजू पूर्ण केली, अंगावरचे तेल निपटले, पाया पडली आणि आता आपली हकालपट्टी होणार असे समजून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळेला उजवा पाय आत टाकून आली. लेकीला हाक मारावी तसे मी म्हटले, "आजपासून लहान मुलं तू घे, मोळे."

ती शिक्षाच समजली. जानूजवळ रडगाणे गायली, "अम्मा, मी नाही म्हटलं ना, म्हणून मला पोरांवर टाकलंय. नाकं पुसत बसलेय."

जानू म्हणाली, "पूस. माझ्याशी बोलायला शिकेपर्यंत मी यांचंही तेच केलंय."

खरी गोष्ट अशी की प्रौढ माणूस वाईट शिक्षकातूनही निभावून जातो. लहान मुलाचा गुडघा निभावत नाही. म्हणून ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे त्यालाच लहान मुले द्यायची. हे मी तिला सांगितले नाही, कारण आमच्या घराण्यात गुरुक्कळ कळरीत उभा आहे तोवर पुढचा कोण ते बोलत नाहीत. एका कळरीत दोन गुरुक्कळ झाले की मुले कोणाकडे बघायचे या गोंधळात पडतात आणि गोंधळात काठी लागते. पण मी बाजूला बसून तिचे शिकवणे रोज पाहिले. तेलाने जमीन निसरडी झाली असेल तर ती वर्ग थांबवते, मग कोणाचे पालक ताटकळत का उभे असेनात. अंगात कसर असलेले मूल ती हात लावून ओळखते आणि घरी पाठवते. एकदा एक मुलगा डोक्याच्या वर पाय फेकून दाखवत होता. ती म्हणाली, "आज कमरेपर्यंतच."

"पण माझा वर जातो, टीचर!"

"वर जातो ते सगळे बघतात. परत कसा येतो ते मी बघतेय."

कलम चौथे. सबब, कळरीचा आखाडा, पूत्तरा, शस्त्रे, तेलाची भांडी आणि शिकवण्याचा अधिकार हे सर्व मी सदर शिजिना हिला देतो. ती माझ्या नात्यातली नाही. ती बाई आहे. या दोन हरकती कोणाला घ्यायच्या असतील तर त्याने त्रास घेऊ नये, दोन्ही गोष्टी माझ्या लक्षात आहेत. मुरिवेण्णा हे मुक्या मारावरचे तेल कसे उकळायचे ते तिला येते. त्यात कोणी 'सुधारणा' करू नये. तिला ही जबाबदारी नको असेल तर दिवा शांत करावा, खड्डा मातीने भरावा आणि वर केळी लावाव्यात. परंतु त्यावर पत्रे ठोकून पाहुण्यांच्या खेळासाठी खुर्च्या मांडू नयेत.

कलम पाचवे. वरची परीक्षा मी येथे लिहून टाकल्यामुळे ती निकामी झाली आहे. शिजिनाने आपली नवी शोधावी. मला विचारू नये, आणि माझ्यामागे कोणा ज्योतिषामार्फतही विचारू नये. तिने इतके सांभाळावे: एका वेळी मुलाची एकच चूक सुधारावी. घरी भांडून आलेल्याच्या हातात त्या दिवशी लोखंड देऊ नये. आपण दमलो की तोंड बंद करावे, कारण दमलेल्या तोंडातून ओळी गळतात. आणि आपला हुकूम जो मोडेल त्याच्यावर रागवण्याआधी तो का मोडला ते पाहावे.

कलम सहावे. उरुमी जानूच्या तांदळाच्या पेटीत कुलपात राहील. किल्ली जानूकडे. ती मागण्याची हिंमत ज्याला होईल त्याचे मनगट बहुधा तयार असेल.

कलम सातवे. अनंतनला मी काहीही देत नाही. दिले तर तो घेणार नाही. शिवाय ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणतात, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. ज्याच्या काठीची खूण माझ्या अंगावर आहे, त्याच्याहून माझी ओळख पटवणारा कोण आहे? आमचे भांडण मी येथे संपवतो. त्याला चालू ठेवायचे असेल तर त्याने एकट्याने ठेवावे.

कलम आठवे. प्रजोष, हे तुला. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत. लिहू दे मला. तू माझा लाडका आहेस, आणि तुझ्या अंगात जे आहे ते माझ्या अंगात कधीच नव्हते. पण सांगितलेले करायचे नाही, हे तुला अजून येत नाही. आणि ज्याला ते येत नाही त्याच्या हाती मी लोकांची मुले देऊ शकत नाही. तू शिकवू नयेस असे मी म्हणत नाही. शिजिनाकडे शीक, आणि ती म्हणेल तेव्हा शिकव. तोपर्यंत रिसॉर्टच्या पाटीवरून चेरुवोळीचे नाव उतरव. तू हे वाचून माझ्याशी बोलणे टाकशील या भीतीने माझा हात कितीतरी दिवस या ओळीवर थांबला होता. माझ्या आयुष्यातून एक माणूस असाच गेला आहे. दुसरा जाऊ नये असे फार वाटते.

कलम नववे. हे कलम वाचनानंतर जोडले आहे. आजपासून मी कळरीत उभा राहणार नाही, गुडघे राहू देत नाहीत, म्हणून वरील मजकूर आज सकाळी मी ओसरीवर सगळ्यांसमोर वाचला. जानू, प्रजोष, शिजिना, वकीलबाई, अनंतन, आणि दुसरा साक्षीदार म्हणून ठरलेले निवृत्त पोस्टमन हमीद हजर होते. शिजिना पदराने तोंड झाकून बसली. अनंतनने तोंड उघडले ते इतक्या वर्षांनी: "हे सगळं तेव्हा सांगायला तुमच्या घराण्याच्या जिभा काय केळीच्या पानात गुंडाळल्या होत्या?" आणि मग, "आण ते पेन."

प्रजोष उठला आणि कळरीत उतरला. बराच वेळ वर आला नाही. जानू मला कोपराने ढोसत होती, "जा की मागे." मी म्हटले, "नको." वर आला तेव्हा त्याच्या कपाळाला तिथली माती लागलेली होती. तो माझ्याकडे आला नाही. लहानपणापासून जिला तो 'ए शिजी' म्हणून हाक मारतो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"गुरुक्कळ," तो म्हणाला, "उद्या पहाटे येऊ?"

"प्रजोषेट्टा, असं काय करताय..." थोरल्या भावाला म्हणतात तसे ती म्हणाली.

"येऊ की नको?"

शिजिनाने माझ्याकडे पाहिले. मी नारळाकडे पाहत होतो. मग कळरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतात तेच तिने त्याला सांगितले, त्याच आवाजात, "नखं कापून ये. आणि दूध पिऊन नको येऊस."

हमीद सही करायला पुढे झाले होते. प्रजोषने त्यांच्या हातातून पेन घेतले. "वकीलबाई, यातून मला काहीच मिळत नाही ना? मग साक्षीदार मी होतो." वकीलबाईंनी हरकत घेतली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वहस्ते लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

स्थळ: चेरुवोळी
तारीख: चिंगम महिन्याचा पहिला आठवडा, २१ ऑगस्ट २०२३

सही: पुतियपुरयिल कणारन

साक्षीदार:

१. वलियपरंबत्त अनंतन, वय ८०, व्यवसाय: चहाचे दुकान. मृत्युपत्र करणाऱ्याला बरगडीपासून ओळखतो.

२. पुतियपुरयिल प्रजोष, वय ४९, व्यवसाय: विद्यार्थी.